दगडाची धूळ आणि पुराव्याचे ओझे : सिलिकोसिसग्रस्त कामगारांपुढील कायदेशीर पर्यायांची चिकित्सा

प्रस्तावना :

दगड काढणे, फोडणे, घडवणे आणि त्याची खडी किंवा भुकटी करणे हे व्यवसाय आपल्याकडे शतकानुशतके चालत आलेले आहेत. लेणी, गडकोट, नद्यांचे घाट, देवळे आणि अलीकडच्या काळातील रस्ते व इमारती यांच्यामागे वडार, पाथरवट आणि असंख्य अनाम मजुरांचे श्रम उभे आहेत. या श्रमांतून घडलेल्या वास्तूंचे कौतुक विपुल झाले. त्यासाठी कामगाराच्या शरीराने काय किंमत मोजली याचा हिशेब मात्र क्वचितच मांडला गेला. दगडाच्या धुळीतील स्फटिकरूप सिलिकेचे अतिसूक्ष्म कण श्वासावाटे फुप्फुसात खोलवर जाऊन बसतात, तेथे गाठी व व्रण निर्माण करतात आणि फुप्फुसाची लवचिकता हळूहळू नष्ट करतात. हाच सिलिकोसिस होय. हा रोग बरा होत नाही. कामगाराने काम सोडले तरी तो वाढत राहू शकतो. मात्र धूळ रोखल्यास तो पूर्णपणे टाळता येतो.

भारतीय कायद्याने हा रोग ओळखलेला नाही, असे म्हणता येणार नाही. खाणकामाच्या संदर्भात तो १९५२ पासून अधिसूचित रोग आहे. कारखान्यांच्या कायद्यातील अनुसूचीत तो होता, नुकसानभरपाईच्या कायद्यातील अनुसूचीत होता आणि राज्य विम्याच्या कायद्यातही होता. तरीही प्रत्यक्षात कामगाराच्या हाती यांपैकी फारच थोडे लागले. असे का व्हावे, हा प्रस्तुत लेखाचा मुख्य प्रश्न आहे. कायद्यात तरतूद नाही म्हणून कामगार वंचित राहिला, असे उत्तर सामान्यतः दिले जाते. प्रस्तुत लेखिकेला ते अपुरे वाटते. तरतुदी आहेत, परंतु प्रत्येक तरतुदीच्या दाराशी जो पुरावा मागितला जातो, तो नेमका मालकाच्या ताब्यात असतो किंवा कधी निर्माणच झालेला नसतो. म्हणून कोणताही पर्याय तपासताना त्यात किती रक्कम मिळते यापेक्षा त्यात पुराव्याचे ओझे कोणाच्या खांद्यावर आहे, ही कसोटी अधिक निर्णायक ठरते. याच कसोटीवर उपलब्ध मार्गांची येथे चिकित्सा केली आहे.

१. रोगाचा स्वभाव आणि कायद्याची अडचण :

नुकसानभरपाईचा कायदा मुळात अपघात डोळ्यांपुढे ठेवून घडलेला आहे. यंत्रात हात सापडला, तर दिवस, वेळ, जागा आणि मालक या चारही गोष्टी निश्चित असतात. सिलिकोसिसमध्ये यांपैकी एकही गोष्ट निश्चित नसते. नेहमीच्या प्रमाणात धूळ अंगावर घेणाऱ्या कामगारात हा रोग सामान्यतः १० किंवा त्याहून अधिक वर्षांनी प्रकट होतो. धुळीचे प्रमाण फार मोठे असेल तर ५ ते १० वर्षांत आणि अतितीव्र असेल तर काही महिन्यांतही तो दिसू शकतो. या काळात कामगाराने अनेक खाणी, अनेक क्रशर, अनेक ठेकेदार पाहिलेले असतात. मुकादमाकडून उचल घेऊन तो एका हंगामात येथे, तर दुसऱ्या हंगामात तेथे राबतो. त्याचे नाव मस्टरवर असेलच असे नाही. असले तरी ते मस्टर कुठे आहे हे त्याला ठाऊक नसते.

निदानाची अडचण याहून मोठी आहे. खोकला, धाप, वजन घटणे ही लक्षणे क्षयरोगाचीही आहेत आणि सिलिकोसिस झालेल्या माणसाला क्षयरोग होण्याचा धोकाही वाढलेला असतो. क्ष-किरण चित्रातील छाया आणि कामाचा पूर्वेतिहास यांची सांगड घातल्याखेरीज सिलिकोसिसचे निदान होत नाही. डॉक्टरने ‘तुम्ही काय काम करत होता?’ हा एक प्रश्न विचारला नाही, तर रुग्णाच्या कागदावर केवळ क्षयरोग लिहिला जातो. वैद्यकीय दृष्टीने हे अपुरे निदान होय. कायद्याच्या दृष्टीने मात्र त्या एका शब्दाने मालकाचे संपूर्ण दायित्व पुसले जाते, कारण क्षयरोग कोणालाही, कोठेही होऊ शकतो.

२. पहिला मार्ग : मालकाकडून नुकसानभरपाई :

१९२३ चा कामगार नुकसानभरपाई अधिनियम २००९ च्या दुरुस्तीनंतर कर्मचारी नुकसानभरपाई अधिनियम म्हणून ओळखला जाऊ लागला. त्याच्या तिसऱ्या अनुसूचीतील ‘क’ भागात सिलिकोसिस आणि सिलिकोसिसशी निगडित क्षयरोग यांचा स्पष्ट समावेश होता. कलम ३(२) नुसार, विहित काळ त्या प्रकारच्या कामात असलेल्या कामगारास असा रोग झाल्यास तो अपघाती इजाच मानला जाई आणि विरुद्ध बाजूने तसे नसल्याचे सिद्ध केले नाही, तर तो कामामुळेच झाला असे गृहीत धरले जाई. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चारही कामगार संहिता अमलात आल्या आणि या अधिनियमाची जागा सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० ने घेतली. संहितेच्या कलम ७४ मध्ये मालकाच्या दायित्वाची मूळ चौकट जवळजवळ तशीच ठेवलेली आहे. जुन्या कायद्याखाली निर्माण झालेले हक्क आणि दाखल झालेली प्रकरणे नव्या कायद्याने आपोआप नष्ट होत नाहीत, हेही येथे लक्षात ठेवले पाहिजे.

वरवर पाहता हे गृहीतक कामगाराच्या बाजूचे आहे आणि तत्त्वतः ते आहेही. परंतु ते लागू होण्यापूर्वी कामगाराने तीन पायऱ्या चढाव्या लागतात. पहिली पायरी म्हणजे नोकरीचे अस्तित्व सिद्ध करणे. दुसरी, ‘क’ भागातील रोगासाठी आवश्यक तेवढा सेवाकाळ दाखवणे. तिसरी, मुदतीत दावा करणे. गृहीतकाचा लाभ या तिन्ही पायऱ्या ओलांडलेल्यालाच मिळतो. म्हणजे जेथे पुरावा सर्वांत दुर्मीळ आहे तेथे गृहीतक मदतीला येत नाही.

मुदतीच्या तरतुदीचा विचार येथे स्वतंत्रपणे केला पाहिजे. जुन्या अधिनियमाच्या कलम १० प्रमाणे दावा दोन वर्षांत करावयाचा असे. काम सोडलेल्या कामगाराबाबत, काम सोडल्यापासून दोन वर्षांच्या आत लक्षणे दिसल्यास, ती प्रथम आढळली तो दिवस अपघाताचा दिवस मानला जाई. रोगाचा स्वभाव लक्षात घेता ही तरतूद विपरीत ठरते. पाच वर्षे क्रशरवर राबून गावी परतलेल्या आणि आठव्या वर्षी धाप लागू लागलेल्या माणसाला ती बाहेरच ठेवते. पुरेशा कारणास्तव विलंब माफ करण्याचा अधिकार आयुक्तांना होता, हे खरे. पण माफी हा हक्क नव्हे. ती मागण्यासाठीही वकील, कागद आणि फेऱ्या लागतात. संहितेनेही दोन वर्षांची चौकट मोडलेली नाही. नव्या कायद्याच्या रचनेत ही दुरुस्ती सहज शक्य होती, म्हणून ती न होणे अधिक खटकते.

या कायद्यातील दोन तरतुदी मात्र दुर्लक्षित राहिल्या आहेत. एक, अनेक मालकांकडे काम करून रोग जडल्यास त्या सर्वांवर योग्य प्रमाणात दायित्व विभागता येते, हे कलम ३(२क) मध्ये होते. दोन, ठेकेदारामार्फत काम करवून घेणाऱ्या मूळ मालकावरही दायित्व टाकता येते, हे कलम १२ मध्ये होते. ‘मालक कोण ते ठाऊक नाही’ ही सबब कायद्याने अंशतः आधीच निकालात काढलेली होती. दावे दाखल करणाऱ्यांनी या तरतुदींचा आधार जितका घ्यायला हवा होता तितका घेतलेला दिसत नाही.

या मार्गाचे आर्थिक महत्त्वही ध्यानात घेतले पाहिजे. ३५ वर्षे वयाच्या आणि महिना १०,००० रुपये मजुरी असलेल्या कामगाराचे उदाहरण घेऊ. या वयासाठी अनुसूचीतील गुणक १९७.०६ आहे. कायम व संपूर्ण अकार्यक्षमतेसाठी मजुरीच्या ६० टक्के रक्कम या गुणकाने गुणली, तर ११,८२,३६० रुपये होतात. मृत्यूसाठी ५० टक्के धरले, तर ९,८५,३०० रुपये होतात. पुढे ज्या शासकीय साहाय्याचा विचार करावयाचा आहे त्याच्याशी या रकमांची तुलना करता, कायदेशीर दायित्वाचा मार्ग बंद ठेवण्यात कोणाचे हित आहे हे स्पष्ट होते.

३. दुसरा मार्ग : राज्य विमा आणि त्याची दुसरी बाजू :

कर्मचारी राज्य विमा योजनेत नोंद असलेल्या कामगारास व्यवसायजन्य रोगासाठी उपचार, अकार्यक्षमतेचा लाभ आणि मृत्यूनंतर आश्रितांना लाभ अशी तिहेरी तरतूद आहे. हा लाभ नियमित मिळतो आणि मालकाशी भांडावे लागत नाही, हे या मार्गाचे गुण होत. परंतु १९४८ च्या अधिनियमातील कलम ५३ नुसार विमाधारकाला त्याच इजेसाठी मालकाविरुद्ध अन्य कायद्याखाली भरपाई मागता येत नसे. विमा हे दायित्वाचे पूरक न राहता पर्याय बनले. त्याहून महत्त्वाचे म्हणजे खाणीत आणि लहान क्रशरवर राबणाऱ्या हंगामी मजुराची नोंदच बहुधा झालेली नसते. ज्याची नोंद आहे त्याला हा मार्ग बराच मोकळा, तर ज्याची नाही त्याला तो पूर्ण बंद, अशी ही विषम स्थिती आहे.

४. तिसरा मार्ग : नियमनाचे कायदे :

प्रतिबंध हाच या रोगावरचा खरा उपाय असल्याने नियमनाच्या कायद्यांकडे पाहणे आवश्यक आहे. कारखाने अधिनियम, १९४८ च्या दुसऱ्या अनुसूचीत श्वसनयोग्य सिलिका धुळीची कमाल मर्यादा ठरवणारे सूत्र होते : धुळीतील क्वार्ट्झचे टक्केवारी प्रमाण अधिक २ या संख्येने १० ला भागावे, येणारा आकडा म्हणजे दर घनमीटर हवेतील मिलिग्रॅम. सूत्र शास्त्रीय आहे. परंतु ते वापरण्यासाठी हवेचे मोजमाप आणि दगडाचे पृथक्करण दोन्ही हवे. जेथे निरीक्षकच वर्षानुवर्षे पोहोचत नाही, तेथे हे सूत्र कागदावरच राहते.

कलम ८९ ने व्यवसायजन्य रोगाची सूचना देण्याचे कर्तव्य व्यवस्थापकावर आणि तपासणाऱ्या डॉक्टरवरही टाकले होते. डॉक्टरने ते टाळल्यास एक हजार रुपयांपर्यंत दंडाची तरतूद होती. त्या दंडाच्या रकमेवरून या कर्तव्याला किती वजन दिले गेले होते, ते कळून येते. सूचना गेली नाही की नोंद होत नाही; नोंद नाही की सरकारी आकड्यात रोग नाही; आणि आकड्यात रोग नाही म्हणून नियमनाची निकड नाही, असे हे दुष्टचक्र आहे.

या कायद्यांची आणखी एक मर्यादा म्हणजे कामगारसंख्येची अट. खाण अधिनियम, १९५२ च्या कलम ३ मध्ये दगडासारख्या गौण खनिजांच्या उथळ, स्फोटके न वापरणाऱ्या आणि ५० पर्यंत माणसे असलेल्या खाणींना बहुतेक तरतुदींतून सूट होती. कारखान्याच्या व्याख्येसाठी यांत्रिक शक्ती असल्यास १० आणि नसल्यास २० कामगारांची अट होती. मात्र कलम ८५ खाली राज्य सरकार त्याहून लहान जागांनाही कायदा लागू करू शकत होते. व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, २०२० मध्ये कारखान्याची ही संख्या अनुक्रमे २० आणि ४० झाली आहे. मालकाच्या मूलभूत कर्तव्यांसाठी मात्र १० कामगारांचा कारखानाही आस्थापना मानला आहे आणि जीविताला धोका असलेल्या कामांबाबत केंद्र सरकार अधिसूचना काढून संख्येची अट दूर करू शकते. दगड फोडणे, दळणे आणि कोरीव काम यांना ही अधिसूचना स्पष्टपणे लागू होणे, ही या नव्या कायद्याची खरी परीक्षा होय. धुळीला कामगारांची संख्या कळत नाही. सात माणसांच्या क्रशरवरची धूळ सत्तर माणसांच्या क्रशरवरच्या धुळीइतकीच घातक असते.

नव्या संहितेत दोन गोष्टी स्वागतार्ह आहेत. विहित वर्गांतील कामगारांची वार्षिक आरोग्य तपासणी मालकाने विनामूल्य करवून देणे हे कर्तव्य ठरवले आहे. तसेच कर्तव्यात कसूर झाल्याने मृत्यू झाल्यास होणाऱ्या दंडापैकी किमान निम्मी रक्कम बाधिताच्या वारसांना देण्याचा आदेश न्यायालय देऊ शकते. परंतु येथेही कसूर आणि मृत्यू यांचा संबंध सिद्ध करावयाचा आहे. म्हणजे पुराव्याचा प्रश्न पुन्हा तेथेच येऊन थांबतो.

५. चौथा मार्ग : उच्च न्यायपीठांकडे धाव :

सामान्य मार्ग अडले तेव्हा कामगारांच्या वतीने घटनात्मक उपायांचा आधार घेतला गेला. बंधुआ मुक्ती मोर्चा विरुद्ध भारत सरकार या, डिसेंबर १९८३ मध्ये निर्णय झालेल्या खटल्यात हरियाणातील फरिदाबाद जिल्ह्यातील दगडखाणींमधील मजुरांची स्थिती सर्वोच्च न्यायालयासमोर आली. एका पत्रालाच याचिका मानून न्यायालयाने जे निर्देश दिले, त्यांत क्रशरवर सतत पाणी फवारण्याची किंवा धूळ शोषणारे यंत्र बसवण्याची सक्ती होती. साधे पाण्याचे पिंप आणि त्यातून पडणारी धार एवढ्याने धूळ किती कमी होते, हे खाणीत काम केलेला कोणीही सांगू शकेल. इतका स्वस्त उपाय करण्यासाठी देशाच्या सर्वोच्च न्यायालयाला आदेश द्यावा लागला, ही वस्तुस्थिती नियमन यंत्रणेवरचे सर्वांत मोठे भाष्य आहे.

१९९२ मध्ये एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर दिल्ली व परिसरातील यांत्रिक क्रशर बंद करून हरियाणात हलवण्याचा आदेश झाला. तो निर्णय प्रदूषणाच्या अंगाने महत्त्वाचा होता. मात्र ज्यांच्या फुप्फुसात ती धूळ आधीच साठली होती त्या कामगारांचा प्रश्न त्या चर्चेच्या केंद्रस्थानी आला नाही. नागरिकाने श्वासावाटे घेतलेली धूळ आणि कामगाराने घेतलेली धूळ यांकडे कायदा दोन वेगळ्या खात्यांतून पाहतो, याचे हे उदाहरण होय.

१९९५ मध्ये ग्राहक शिक्षण व संशोधन केंद्र विरुद्ध भारत सरकार या ॲस्बेस्टॉस कामगारांच्या खटल्यात कामगाराचे आरोग्य हा अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्काचा भाग असल्याचे न्यायालयाने स्पष्ट केले. त्याहून व्यवहार्य महत्त्वाचा निर्देश म्हणजे कामगारांचे आरोग्यविषयक अभिलेख नोकरीच्या प्रारंभापासून ४० वर्षे किंवा नोकरी संपल्यानंतर १५ वर्षे, यांपैकी जो काळ नंतर संपेल तोपर्यंत जतन करणे. उशिरा प्रकट होणाऱ्या रोगासाठी पुरावा कसा टिकवावा, याचे उत्तर त्या निर्देशात आहे. ते दगडाच्या धुळीलाही तितकेच लागू पडते.

यानंतरचे सर्वांत महत्त्वाचे प्रकरण २००६ मध्ये दाखल झालेल्या याचिकेतून पुढे आले. मध्य प्रदेशातील अलिराजपूर, झाबुआ आणि धार जिल्ह्यांतील आदिवासी कामगार गुजरातेतील गोध्रा परिसरातील क्वार्ट्झ दळणाऱ्या कारखान्यांत कामाला जात. क्वार्ट्झ म्हणजे जवळजवळ शुद्ध सिलिका. त्यामुळे तेथे रोग दशकांत नव्हे, तर अल्प काळातच बळावला आणि तरुण माणसे दगावली. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने नोव्हेंबर २०१० मध्ये २३८ मृतांच्या वारसांना प्रत्येकी ३ लाख रुपये गुजरात सरकारने द्यावेत आणि ३०४ बाधितांचे पुनर्वसन मध्य प्रदेशाने करावे, अशी शिफारस केली. प्रत्यक्ष भरपाई देण्याचा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश मात्र ४ मे २०१६ रोजी झाला. ६ ऑगस्ट २०२४ च्या निर्णयात न्यायालयाने सिलिकोसिसला कारण ठरणाऱ्या उद्योगांच्या परिणामांवर देखरेख राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे आणि भरपाईच्या प्रक्रियेवरील देखरेख मानवी हक्क आयोगाकडे सोपवली.

या प्रकरणाचे मोल दुहेरी आहे. एक तर कामगार एका राज्याचा आणि कारखाना दुसऱ्या राज्याचा असला तरी दायित्व कारखाना असलेल्या राज्यावर येते, हे स्थापित झाले. दुसरे, हजेरीपत्रक नसतानाही समूहाच्या पातळीवर कार्यकारणभाव मान्य केला गेला. परंतु मर्यादाही तितकीच स्पष्ट आहे. शिफारस आणि आदेश यांच्यामध्ये साडेपाच वर्षे गेली. भरपाई राज्याच्या तिजोरीतून आली. ज्यांच्या कारखान्यांत धूळ उडाली त्यांच्यावर दायित्वाचा भार या आदेशाने थेट पडला नाही.

६. पाचवा मार्ग : शासनाचे साहाय्य :

वैयक्तिक दाव्याऐवजी शासनाने समूहासाठी तरतूद करण्याची कल्पना नवी नाही. मध्य प्रदेशातील मंदसौर येथील पाटीवरच्या पेन्सिलींच्या उद्योगात सिलिकोसिसने घातलेल्या थैमानानंतर १९८२ मध्ये त्या कामगारांसाठी स्वतंत्र कल्याणनिधीचा कायदा झाला. शाळकरी मुलांच्या हाती जाणारी पेन्सिल कामगाराच्या फुप्फुसाच्या मोलाने तयार होत होती, ही बाब शिक्षणक्षेत्रातील आपणा सर्वांना विशेष अस्वस्थ करणारी आहे.

या दिशेने सर्वांत विस्तृत पाऊल राजस्थानने टाकले. जोधपूर, करौली, धोलपूर या भागांतील वालुकाश्माच्या खाणी आणि सिरोही जिल्ह्यातील पिंडवाडा येथील मंदिरांसाठीचे कोरीव काम यांत हा रोग मोठ्या प्रमाणावर आढळतो. राज्याच्या २०१९ च्या धोरणानुसार वैद्यकीय मंडळाने प्रमाणित केलेल्या रुग्णास ३ लाख रुपये, मृत्यूनंतर वारसांना २ लाख रुपये आणि मासिक निवृत्तिवेतन अशी तरतूद झाली. येथे मालकाचे नाव सिद्ध करण्याची अट नाही. प्रमाणपत्र हाच आधार. पुराव्याच्या कसोटीवर पाहता उपलब्ध सर्व पर्यायांत हाच कामगाराला सर्वांत जवळचा आहे, हे निःसंशय मान्य केले पाहिजे.

तथापि या धोरणाबाबत दोन गंभीर प्रश्न उरतात. पहिला प्रश्न हक्काचा. शासनाचे धोरण हे साहाय्य असते. निधी, निकष आणि सत्ताधारी यांनुसार ते बदलू शकते. अधिनियमाखालील भरपाई हा हक्क असतो. पूर्वी दाखवलेल्या उदाहरणातील ११,८२,३६० रुपये आणि येथील एकूण ५ लाख रुपये यांतील अंतर म्हणजे हक्क आणि साहाय्य यांतील अंतर होय. दुसरा प्रश्न दायित्वाचा. रोगाची किंमत सार्वजनिक निधीतून चुकती झाली, की धूळ रोखण्याचे आर्थिक कारण मालकापुढे उरत नाही. पाण्याची फवारणी आणि धूळशोषक यंत्र यांवरचा खर्च टाळणे त्याला परवडू लागते. म्हणून साहाय्य हे तातडीचे आणि आवश्यक असले तरी ते दायित्वाची जागा घेऊ लागले, तर प्रतिबंधाच्या मुळावर येते.

७. तुलनात्मक दृष्टी :

याच अडचणींना इतरत्र कसे तोंड दिले गेले, हे ब्रिटनच्या अनुभवावरून पाहता येते. १९५६ च्या बॉनिंग्टन कास्टिंग्ज विरुद्ध वॉर्डलॉ या खटल्यात ओतीव पोलादाची सफाई करणारा कामगार दोन स्रोतांतून सिलिकेची धूळ घेत होता. त्यांपैकी एकाच स्रोताबाबत मालकाची चूक होती. त्या चुकीचा रोगाला लक्षणीय हातभार लागला एवढे दाखवणे पुरेसे आहे, असा निर्णय हाउस ऑफ लॉर्ड्सने दिला. १९६३ च्या कार्टलेज विरुद्ध जॉपलिंग या खटल्यात सिलिकेच्या धुळीने बाधित झालेल्या कामगारांचे दावे, रोग त्यांना कळण्यापूर्वीच मुदतबाह्य झाल्याचे त्याच न्यायपीठाला नाइलाजाने म्हणावे लागले. संसदेने त्याच वर्षी मुदतीचा कायदा बदलून रोगाची जाणीव झाल्याच्या दिवसाला महत्त्व दिले. पुढे वेल्समधील पाटीच्या दगडाच्या खाणकामगारांच्या मागणीतून १९७९ चा कायदा झाला आणि ज्यांचे मालक अस्तित्वातच राहिले नव्हते अशांना शासनाकडून एकरकमी भरपाईची सोय झाली.

या तीन टप्प्यांचा क्रम बोधप्रद आहे. प्रथम कार्यकारणभावाचा निकष सैल केला, मग मुदत रोगाच्या स्वभावाशी जुळवली आणि अखेरीस, मालक सापडतच नाही तेथे राज्य पुढे आले. आपल्याकडे हा क्रम उलटला आहे. राज्याचे साहाय्य काही ठिकाणी आले. मुदत आणि पुरावा यांचे प्रश्न मात्र जेथल्या तेथे आहेत.

८. महाराष्ट्राच्या संदर्भात :

महाराष्ट्राचा मोठा भूभाग बेसाल्टचा, म्हणजे काळ्या पाषाणाचा आहे. या दगडात मुक्त स्फटिकरूप सिलिकेचे प्रमाण अल्प असते. त्यामुळे पुणे परिसरातील खडीच्या खाणी आणि सिंधुदुर्गातील सिलिका वाळूच्या खाणी यांतील धोका एकाच मापाने मोजता येणार नाही. पूर्व विदर्भातील ग्रॅनाइट व क्वार्ट्झाइटसारखे खडक, ओतकामाच्या कारखान्यांत वापरली जाणारी वाळू आणि शहरांतील बांधकामांवर कोरडे कापले जाणारे परप्रांतीय दगड हीदेखील जोखमीची ठिकाणे आहेत. मात्र बेसाल्ट तुलनेने कमी घातक आहे या कारणावरून सर्वच खाणींतील धुळीकडे दुर्लक्ष करणे समर्थनीय नाही; कोणत्याही दाट धुळीने श्वसनमार्गाला इजा होतेच. कोणत्या तालुक्यात कोणता खडक आहे हे भूगर्भशास्त्राने, कोणाच्या छातीत काय दिसते हे वैद्यकाने आणि कोण कोठे किती वर्षे राबले हे समाजशास्त्राने सांगावयाचे आहे. या तिन्हींची सांगड घातल्याशिवाय कायद्यापुढे उभा राहील असा पुरावा तयार होत नाही.

निष्कर्ष :

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१) भारतीय कायद्यात सिलिकोसिससाठी तरतुदींचा अभाव नाही, तरतुदींच्या प्रवेशद्वाराशी मागितला जाणारा पुरावा कामगाराच्या आवाक्याबाहेर आहे.

२) विशिष्ट खाणपट्टे व क्रशरपट्टे अधिसूचित करून तेथे राबलेल्या आणि रोग प्रमाणित झालेल्या व्यक्तीबाबत नोकरी व सेवाकाळ गृहीत धरावा, तसे नसल्याचे सिद्ध करण्याची जबाबदारी पट्टेदारावर व क्रशरचालकावर असावी.

३) दाव्याची मुदत काम सोडल्यापासून न मोजता रोग प्रमाणित झाल्याच्या दिवसापासून मोजावी.

४) शासकीय साहाय्य हे अंतरिम मानावे आणि ती रक्कम संबंधित पट्ट्यातील मालकांकडून वसूल करण्याचा अधिकार शासनाला असावा. त्यामुळे कामगाराला तत्काळ आधार मिळेल आणि दायित्वही जागेवर राहील.

५) ४० वर्षांच्या अभिलेखाचा निर्देश दगडाच्या धुळीशी संबंधित सर्व आस्थापनांना लागू करून ते अभिलेख मालकाऐवजी सार्वजनिक यंत्रणेकडे ठेवावेत.

६) सर्व शासकीय रुग्णालयांत श्वसनविकाराच्या रुग्णाच्या केसपेपरवर व्यवसायाचा पूर्वेतिहास नोंदणे अनिवार्य असावे.

हे बदल होईपर्यंत बाधित कामगाराने कोणता मार्ग धरावा, या प्रश्नाचे व्यावहारिक उत्तर असे देता येईल : प्रथम व्यवसायाच्या पूर्वेतिहासासह वैद्यकीय निदान लेखी मिळवावे, सोबत काम केलेल्या मजुरांचे जबाब, उचलीच्या वह्या, ओळखपत्रे, बँकेच्या नोंदी असे जे काही असेल ते गोळा करावे, काम सोडून दोन वर्षे झाली नसतील तर भरपाईचा दावा विनाविलंब दाखल करून सर्व ज्ञात मालकांना आणि मूळ पट्टेदाराला त्यात पक्षकार करावे, मुदत टळली असल्यास विलंबमाफीचा अर्ज जोडावा, आणि एकट्याने नव्हे तर समूहाने मानवी हक्क आयोगाकडे जावे. गरीब अर्जदाराला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून विनामूल्य वकील मिळू शकतो, ही माहितीही त्याच्यापर्यंत पोहोचली पाहिजे.

महाविद्यालयांना या कामात निश्चित स्थान आहे. राष्ट्रीय सेवा योजनेची शिबिरे खाणपट्ट्यालगतच्या गावांत भरतातच. तेथे विद्यार्थ्यांनी प्रत्येक मजुराचा श्रमवृत्तांत, म्हणजे कोणते वर्ष, कोणती खाण, कोणता मुकादम, कोणते काम, कोणते सोबती, याची तारखेसह आणि सहीनिशी नोंद केली आणि विधी महाविद्यालयांच्या साहाय्य केंद्रांनी ती जतन केली, तर दहा वर्षांनी एखाद्या सक्षम प्राधिकाऱ्यापुढे तोच कागद निर्णायक ठरू शकेल. आज त्या मजुराला खोकलाही नसेल. परंतु या रोगात पुरावा गोळा करण्याची वेळ आजार दिसू लागण्यापूर्वीचीच असते, आणि ती वेळ हातातून जाऊ न देणे आपल्याला शक्य आहे.